आडवी ओळ

"ही चार वर्षांची पोर चार किलो दोनशेची? अगं, काल अंगणात लंगडी घालत होती ती."

आईने कागद माझ्यासमोर धरला होता आणि तिचं बोट सगळ्यात वरच्या ओळीवर होतं. २०१० ची दिवाळी. जव्हार तालुक्यातल्या आमच्या पाड्यावरची अंगणवाडी आई चालवायची. मी तेव्हा पुण्यात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि सुट्टीत घरी आल्यावर तिचं वजनाचं रजिस्टर संगणकावर चढवून देते, असं मीच म्हटलं होतं. निळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर, उभ्या रेघा तिने पट्टीने मारलेल्या. अनुक्रमांक, मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, वय महिन्यांत, वजन आणि शेवटी अरुंद असा 'शेरा'. शेऱ्यात कुठे 'ताप', कुठे 'मामाकडे', आणि दिवाळीनंतरच्या महिन्यांत पानामागून पान 'स्थलांतर', 'स्थलांतर'. भात कापून झालं की निम्मा पाडा वीटभट्ट्यांवर जायचा.

दोन संध्याकाळी बसून मी सगळी मुलं भरली. मग वाटलं, वजनं चढत्या क्रमाने लावून द्यावीत, म्हणजे सगळ्यात हलकी मुलं तिला वरच दिसतील. वजनाचा रकाना निवडला आणि क्रम लावला. शेजारचे रकानेही सोबत हलवायचे का, असं संगणकाने मध्येच विचारलं होतं. मी नीट न वाचता पुढे गेले. वजनं शहाण्यासारखी लहानापासून मोठ्यापर्यंत उभी राहिली. नावं आणि वयं मात्र होती तिथेच राहिली.

छापायच्या आधी मी पडताळा घेतला होता, हे मला आजही टोचतं. रजिस्टरवरून हाताने सरासरी काढली आणि संगणकाच्या सरासरीशी ताडून पाहिली. जुळली. मध्यक जुळला. सगळ्यात कमी वजन, सगळ्यात जास्त वजन, प्रमाण विचलन, सगळं तंतोतंत. ते जुळणारच होतं, कारण रकान्यातली एकही संख्या बदलली नव्हती, फक्त त्यांनी जागा बदलल्या होत्या. वजनाच्या रकान्याला एकट्याला जे जे विचारता येतं ते सगळं मी विचारलं आणि प्रत्येक उत्तर बरोबर आलं. आणि त्या कागदावरचं जवळजवळ एकही मूल खरं उरलं नव्हतं.

आईने यातलं काही तपासलं नाही. तिने कागद हातात घेतला आणि उभं न वाचता आडवं वाचायला सुरुवात केली. नाव, वय, वजन. पहिल्याच ओळीला थांबली.

पुढे मी शिकवायला लागले. एकचल आणि द्विचल माहितीतला फरक सांगायची वेळ आली की पुस्तकातली व्याख्या मी फळ्यावर लिहिते, ती बरोबरच असते: प्रत्येक घटकाबद्दल एकच गोष्ट नोंदवली तर माहिती एकचल, दोन गोष्टी जोडीने नोंदवल्या तर द्विचल. मुलं लिहून घेतात. पण 'जोडीने' या शब्दावर कुणी थांबत नाही. दोन रकाने असले की झालं, असं त्यांना वाटतं. मलाही त्या दिवाळीपर्यंत तसंच वाटत होतं. वयाचा एक रकाना आणि वजनाचा एक रकाना, म्हणजे एकचल माहितीचे दोन गठ्ठे शेजारी शेजारी ठेवले की द्विचल माहिती तयार. तशी ती होत नाही. दोन रकान्यांना बांधणारी जी ओळ असते, हे वय आणि हे वजन एकाच पोराचं आहे असं सांगणारी, ती तुटली की दोन्ही गठ्ठे शाबूत राहूनही मधलं नातं जातं. आणि गेलं हे रकान्यांकडे पाहून कळतसुद्धा नाही. दोन्ही रकान्यांची सगळी आकडेमोड माहीत असली तरी तिच्यावरून त्यांचं नातं काढता येत नाही. उलट ओळी हातात असतील तर दोन्ही रकाने आपोआप मिळतात.

म्हणून एकट्या रकान्याला मी कमी लेखत नाही. गावाला पूरक आहार किती लागेल, किती मुलांना किती पाकिटं, हे प्रश्न एका रकान्याचेच आहेत. माहितीच्या खरेपणाबद्दलही एकटा रकाना पुष्कळ सांगतो. आईच्या रजिस्टरमधल्या वजनांचा नुसता शेवटचा आकडा मोजत गेले तेव्हा दिसलं की शून्य आणि पाच फार आहेत. साडेसात, आठ, साडेआठ. काट्यावर शंभर-शंभर ग्रॅमच्या रेघा होत्या, पण रडत हातपाय झाडणाऱ्या मुलाला झोळीत घातलं की काटा नाचत राहतो आणि वाचणारा जवळच्या ठसठशीत आकड्यावर थांबतो. वयाच्या रकान्यातही १२, २४, ३६ या आकड्यांपाशी अशीच गर्दी. जन्मतारीख नक्की नसली की वय पूर्ण वर्षात सांगितलं जातं. हे सगळं एकाच रकान्यातून कळलं, दुसऱ्याची गरज पडली नाही. पण कुठलं मूल अडचणीत आहे, हे त्यातून कळत नव्हतं, आणि आई रोज सकाळी तेवढ्यासाठीच काटा टांगत होती.

माणसांची मोजमापं घेऊन ती उभी वाचायची रीत जुनी. बेल्जियमच्या केटले या संख्याशास्त्रज्ञाने १८४६ मध्ये स्कॉटलंडच्या ५,७३८ सैनिकांच्या छातीच्या घेरांची मांडणी दाखवली. मधे दाट, दोन्ही बाजूंना विरळ. ताऱ्यांच्या जागा मोजताना होणाऱ्या चुका जशा पसरतात, तसेच हे घेर सरासरीभोवती पसरलेले. केटले या सरासरीच्या इतका प्रेमात होता की 'सरासरी माणूस' हाच त्याला आदर्श वाटायचा. त्याच्या मांडणीत प्रत्येक सैनिक म्हणजे एक घेर, बस. तो कुणाचा मुलगा, किती उंच, हे त्या रकान्यात येत नाही.

मग ४० वर्षांनी, १८८६ मध्ये, इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने एक तक्ता छापला. २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ मोठी झालेली मुलं. उभ्या दिशेला आईबापांची उंची, आडव्या दिशेला मुलांची, आणि प्रत्येक चौकटीत, आईबाप एवढे आणि मूल एवढं अशा किती जोड्या, तो आकडा. बायकांची उंची १.०८ ने गुणून पुरुषांच्या मापाला आणली होती आणि आईबापांची मिळून एक उंची धरली होती. गाल्टनने वंशसुधारणेचा जो विचार मांडला तो मला घातक वाटतो आणि वर्गात मी तसं स्पष्ट सांगते. पण तो तक्ता समोर ठेवल्याशिवाय मला द्विचल माहिती शिकवता येत नाही. सारख्या आकड्यांच्या चौकटी रेघेने जोडत गेल्यावर त्याला एकात एक बसलेली लंबवर्तुळं दिसली. उभ्या रकान्याची बेरीज पाहा, केटलेचाच डोंगर. आडव्याची पाहा, पुन्हा तोच डोंगर. ते लंबवर्तुळ तिरपं आहे, म्हणजे उंच आईबापांची मुलं उंचीकडे झुकतात, ही गोष्ट मात्र दोन्ही बेरजांमध्ये कुठेच नाही. ती फक्त मधल्या चौकटींत आहे. शिवाय त्यात अजून एक गोष्ट होती. आईबाप सरासरीपेक्षा जितके उंच, त्याच्या साधारण दोन तृतीयांशच मुलं उंच. म्हणजे मुलं पुन्हा मधल्या उंचीकडे सरकतात. एकेका पिढीची उंची वेगवेगळी मोजत बसलं असतं तर हे सरकणं कधीच दिसलं नसतं, कारण दोन्ही पिढ्यांचा पसारा जवळपास सारखाच होता.

आईकडे गाल्टनचा तक्ता नव्हता, वाढीचा तक्ता होता. मुलींचा गुलाबी, मुलांचा निळा. तळाला महिने, डाव्या बाजूला किलो, आणि आत डावीकडून उजवीकडे चढत जाणारे पट्टे. हिरवा, त्याखाली पिवळा, त्याखाली नारिंगी. अशा तक्त्याची कल्पना डेव्हिड मोर्ले या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९५० च्या दशकात नायजेरियातल्या इमेसी गावात काम करताना रुजवली आणि त्याला 'आरोग्याचा रस्ता' असं नाव पडलं. आईच्या हातातला तक्ता जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये दिलेल्या मापांवर बेतलेला होता. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या साधारण साडेआठ हजार मुलांच्या मोजणीतून ती मापं निघाली, भारतातली मुलं दिल्लीची होती. आपल्या अंगणवाड्यांसाठी ती २००८ मध्ये स्वीकारली गेली. त्याआधी कुपोषणाच्या श्रेण्या असायच्या, पहिली ते चौथी. आई नंतरही कितीतरी दिवस 'तिसऱ्या श्रेणीत गेलंय' असंच बोलायची.

तक्त्यावर एका मुलाचं एका महिन्याचं काम एवढंच: एक ठिपका. पण त्या ठिपक्याला दोन पाय लागतात. नुसतं वजन घेऊन तक्त्यासमोर उभं राहिलं तर बोट कुठे ठेवायचं तेच कळत नाही. एक आडवी रेघ मिळते, इकडून तिकडे, आणि ती रेघ तिन्ही रंगांतून जाते. कुणी धावत येऊन "बाई, माझ्या बाळाचं आठ किलो भरलं!" असं सांगितलं की आई आधी विचारायची, "किती महिन्यांचं?" तिच्या तोंडचा हा प्रश्न मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलाय की तो मला जणू ऐकू येणंच बंद झालं होतं.

तो पुन्हा ऐकू आला २०११ च्या होळीला. आमच्याकडे होळीला माणसं भट्टीवरून घरी येतात, कितीही लांब असली तरी. चार दिवस पाडा भरलेला असतो, मग बरेचजण पावसापर्यंत पुन्हा जातात. त्यामुळे होळीचे दिवस आईला फार घाईचे. तेवढ्यात सगळी मुलं तोलून घ्यायची. अंगणवाडीच्या वाशाला काटा टांगलेला, मदतनीसबाई झोळी धरून उभ्या, आणि मी लिहून घ्यायला बसलेली.

एक आजी नातीला कडेवर घेऊन आली. मुलगी शांत, फार शांत. झोळीत घातली तरी रडली नाही, त्यामुळे काटा लगेच स्थिर झाला. बरोबर ८ किलो. मी वजन लिहिलं आणि वयाच्या रकान्याशी थांबले. जन्म भट्टीवरचा, भिवंडीकडचा. आमच्या रजिस्टरला नोंद नाही, आजीजवळ कागद नाही. मुलीची आई भट्टीवरच राहिलेली, तिला दिवस गेले होते.

"कधीची गं ही, आजी?"

"शिमग्याची. होळी पेटली त्या रातची."

"कोणत्या होळीची? गेल्या, की त्याच्या मागच्या?"

आजीने बोटं मोडून पाहिली. मग म्हणाली, "बाई, ते नाही ध्यानात. शिमग्याची हे पक्कं."

म्हणजे मुलगी १२ महिन्यांची तरी होती किंवा २४ महिन्यांची. १२ महिन्यांच्या मुलीचं ८ किलो वजन तक्त्यावर चांगलं हिरव्यात पडतं. मधलं माप ८.९, आणि पिवळा पट्टा ७ च्या खाली सुरू होतो. २४ महिन्यांच्या मुलीला नारिंगी पट्टा ८.१ च्या खाली लागतो. तेच आठ किलो, तीच मुलगी, आणि एका टोकाला काही काळजी नाही तर दुसऱ्या टोकाला तीव्र कमी वजन.

मी तेव्हा जे बोलले ते माझ्या शिक्षणाला धरूनच होतं. नक्की माहीत नाही ना, मग दोन्हींचा मध्य घेऊ, अठरा महिने लिहू. अठराला पिवळ्याची वरची कड ८.१. म्हणजे मुलगी पिवळ्यात, हिरव्याच्या अगदी लगत. मधलीच गोष्ट झाली, फार चूक होणार नाही.

आईने माझ्याकडे पाहिलं. रागावली नव्हती. "सरासरीची पोर कुठे जन्मते का गं?" एवढंच म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

हात धुऊन आल्यावर तिने मुलीला मांडीवर घेतलं आणि करंगळी तिच्या तोंडात घातली. खालच्या हिरडीवरून मागे मागे नेली. मग वरच्या. मुलीने बोट चावलं. आई म्हणाली, "दाढा आहेत. खाली दोन, वर दोन. सुळेसुद्धा फुटलेत." मग आजीला विचारत राहिली. तुम्ही भट्टीवरून येत होता आणि टेम्पो उलटला होता, ती होळी हिच्या आधीची की नंतरची? आजीचा चेहरा उजळला. "त्याच होळीची! आम्ही इकडं टेम्पोत, आणि तिकडं सुनेला कळा." टेम्पो उलटला त्याला दोन वर्षं झाली होती, हे पाड्यावर सगळ्यांनाच माहीत होतं.

२४ महिने. आईने वय लिहिलं, गुलाबी तक्ता घेतला, तळाच्या चोविसावर एक बोट आणि बाजूच्या आठवर दुसरं बोट ठेवून दोन्ही बोटं एकमेकांकडे आणली. जिथे भेटली तिथे पेन्सिलीने ठिपका दिला. नारिंगी पट्ट्यात, वरच्या कडेच्या किंचित खाली.

त्या रात्री मला झोप आली नाही. सारखं मनात येत होतं की त्या मुलीला पाहिल्यावर मी स्वतःसुद्धा तिला वर्षाचीच समजले असते. कडेवर बसलेली, एवढीशी, न चालणारी. उपाशी वाढलेलं मूल वयाने लहान दिसतं. म्हणजे वजनावरून किंवा अंगकाठीवरून वयाचा अंदाज बांधला की वजन त्या वयाला शोभूनच दिसणार, आणि ठिपका आपोआप हिरव्यात जाणार. जे मूल सगळ्यात जास्त अडचणीत, तेच सगळ्यात सहज निसटणार. दुसरी गोष्ट पहिलीवरून अंदाजाने लिहायची नसते, ती वेगळी जाऊन, वेगळ्या वाटेने शोधून आणायची असते. दातांतून, टेम्पोतून, कुठूनही. तसं केलं नाही तर कागदावर दोन रकाने दिसतात, पण माहिती एकाच गोष्टीची असते. हे मला कुठल्याही पुस्तकाने इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं.

आईचं सगळं रजिस्टर, या वेळी ओळी न मोडता, मी पुण्याला नेलं आणि ठिपक्यांचा आलेख काढला. वयाप्रमाणे वजन वाढत जातं, ठिपक्यांची माळ तिरपी वर चढते. सहसंबंध काढला तर चांगलाच घट्ट आला. त्यात नवल नाही. सहा महिन्यांच्या बाळापासून सहा वर्षांच्या मुलापर्यंत सगळी एकत्र घेतल्यावर वय आणि वजन बरोबर वाढणारच. सहसंबंध हा सगळ्या ओळी मिळून काढलेला एकच आकडा, त्यात एकेका मुलाची ओळ पुन्हा विरून जाते. माळ किती सरळ आहे ते त्यातून कळतं. माळेपासून कुठला मणी किती खाली ओघळलाय, हे पाहायला आलेखाकडेच जावं लागतं. फ्रँक अँस्कोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये अकरा-अकरा जोड्यांचे चार संच करून दाखवले होते. चारहींच्या सरासऱ्या सारख्या, सहसंबंध ०.८१६ च्या आसपास, त्यांतून काढलेली रेघही तीच. आलेख काढले की चार वेगळी चित्रं. एकात साधी तिरपी गर्दी, एकात कमान, एकात सरळ रेघेबाहेर पडलेला एकच ठिपका, आणि एकात सगळे ठिपके एका उभ्या ओळीत आणि एक दूर कोपऱ्यात. माझे विद्यार्थी ती चार चित्रं पाहून दरवेळी काही क्षण गप्प होतात.

आणखी एक आलेख मी तेव्हा काढला होता आणि तो घेऊन थोडी घाबरूनच आईकडे गेले होते. गावातल्या बाल विकास केंद्रात, जिथे कमी वजनाच्या मुलांना दिवसातून बऱ्याच वेळा थोडं थोडं खायला घालतात, कुठलं मूल किती दिवस होतं आणि त्याचं वजन किती. ठिपके खाली उतरत होते. जास्त दिवस, कमी वजन. नुसता आलेख पाहणाऱ्याने म्हटलं असतं, केंद्रात ठेवल्याने मुलं वाळतात. आई तांदूळ निवडत होती. तिने वर न बघताच सांगितलं, "हलकी होती म्हणूनच तर बसवली ना तिकडे. जी जास्त हलकी ती जास्त दिवस." दोन गोष्टी जोडीने फिरतात म्हणजे एकीने दुसरीला फिरवलं असं होत नाही, हे आम्हाला वर्गात ढीगभर उदाहरणांनी शिकवलं होतं. ती उदाहरणं आता आठवतही नाहीत. निवडलेल्या तांदळाचं सूप आठवतं.

पुढे मला उंचीही हवीशी झाली. वयाला वजन कमी, हे दोन कारणांनी होतं. मूल हाडापेराने लहान राहिलंय म्हणून, किंवा आत्ता, या महिन्या-दोन महिन्यांत वाळलंय म्हणून. पहिल्यासाठी उंची आणि वय ही जोडी बघावी लागते, दुसऱ्यासाठी वजन आणि उंची. अंगणवाडीत रोज बोलतात त्या 'सॅम' (तीव्र कुपोषण) आणि 'मॅम' (मध्यम कुपोषण) यांच्यामागे ही दुसरी जोडीच आहे, नाहीतर मग दंडाचा घेर. त्या होळीच्या मुलीच्या दंडाला पट्टी लावली तेव्हा ती सॅमच्या हद्दीच्या, म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेली नव्हती. थोडक्यात वाचली होती, पण वाचली होती. आईला त्यावरून कळलं की पोर आज मरणाच्या दारात नाही, फार दिवसांची अर्धपोटी आहे, आणि तिला घाईच्या औषधापेक्षा पुढचे दोन-तीन महिने कुणीतरी जवळ बसून भरवायला हवं आहे.

याच वाटेने चालणारी एक गोष्ट नागपूरशी जोडलेली आहे, आणि मला ती फार आवडते. १९२० मध्ये नागपूरला भरलेल्या सायन्स काँग्रेसला, पुढे नामवंत संख्याशास्त्रज्ञ झालेले प्रशांतचंद्र महालनोबिस आले होते. तिथे प्राणिसर्वेक्षणाचे प्रमुख ॲनंडेल त्यांना भेटले आणि कोलकात्याच्या अँग्लो-इंडियन लोकांची घेतलेली मोजमापं तपासून द्या, म्हणाले. १९२२ च्या पहिल्या निबंधात महालनोबिसांनी फक्त पुरुषांच्या उंचीचा विचार केला. एक रकाना. पण त्याच मोजमापांमागे लागता लागता ते पुढे गेले आणि १९३६ मध्ये त्यांनी अंतर मोजायची जी रीत मांडली ती आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. एखादी उंची चारचौघांसारखी, वजनही चारचौघांसारखं, पण ही उंची आणि हे वजन एकत्र फार विरळा, असं असेल तर ते माणूस गर्दीपासून किती दूर आहे, हे ती रीत सांगते. आई तेच अंतर आडवं वाचून डोळ्यांनी मोजायची.

आई आता निवृत्त आहे. अंगणवाडीत आता मोबाइलवर माहिती भरतात, वय आणि वजन टाकलं की रंग आपोआप येतो. नव्या सेविकाताई कधीमधी आईकडे येऊन बसतात. त्यांच्या तोंडून मी ऐकते की वरच्या बैठकीत विचारतात ते किती टक्के, किती सॅम, किती मॅम. एक संख्या खाली, एक संख्या वर. विचारावंच लागतं, हे मला कळतं, साऱ्या तालुक्याच्या ओळी कुणी बसून वाचू शकत नाही. पण त्या टक्क्याच्या आत प्रत्येक मूल एक जोडी होऊन गेलेलं असतं, आणि ती जोडी लिहिताना कुणीतरी करंगळी धुतलेली असते किंवा नसते.

होळीनंतर त्या मुलीचे बाप आणि काका भट्टीवर परत निघाले तेव्हा आई त्यांच्या घरी दोनदा गेली. काय बोलली ते मला माहीत नाही, मी पुण्याला निघून गेले होते. रजिस्टर मात्र माझ्याकडे आहे. एप्रिलच्या पानावर तिची ओळ अशी आहे: २५ महिने, ८ किलो १००. ठिपका अजून नारिंगीतच, पण मार्चच्या ठिपक्यापासून रेघ वर वळलेली. मेच्या पानावर: २६ महिने, ८ किलो ६००. तक्त्यावर पिवळा. त्या दोन्ही महिन्यांत वरखाली जवळजवळ सगळ्या ओळींना शेवटी 'स्थलांतर' आहे आणि वजनाची जागा रिकामी. हिच्या शेऱ्यात, अरुंद रकान्यात मावेना म्हणून दोन ओळींत मोडून, आईने लिहिलंय: आजीजवळ राहिली.